हातभर उघडायचं, मग पुढे सरकायचं: सूझौ, कायफंग आणि बीजिंगचे सात दिवस

दिवाळीचा फराळ संपायच्या आत बॅग भरून निघाले होते आणि येऊन आता तीन आठवडे झाले, फोटो अजून लावून झालेले नाहीत पण लिहून काढते, नाहीतर बारीकसारीक विसरायला होतं. ट्रिप चीनची, सात दिवसांची, आणि बघायचं होतं मुख्यतः एकच, रेशमावरची जुनी गुंडाळी-चित्रं. त्यातही डोंगर, नद्या आणि त्यांच्या कुशीतल्या इमारती. इमारतींच्या चित्रांना तिकडे ज्येह्वा म्हणतात, म्हणजे पट्टी लावून काढलेलं चित्र.

हे वेड कुठून आलं ते सांगते. मी बावीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग केलं, त्यातली पहिली दहा टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर आणि रोटरिंग पेनवर. एक रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची आणि साहेबांच्या टेबलावर जायच्या आत परत मारायची. त्यामुळे नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी ब्रशने, रेशमावर, कौलांच्या ओळीच्या ओळी एकही रेघ न हलवता मारल्यात हे पहिल्यांदा स्क्रीनवर झूम करून बघितलं तेव्हा मला तो माणूस ओळखीचा वाटला. तेव्हापासून जायचंच होतं. बहिणीची मुलगी चार वर्षं सूझौला नोकरीला आहे, चिनी छान बोलते, तिने सुट्टी काढली आणि म्हणाली मावशी तू फक्त ये.

दिवस पहिला: शांघाय ते सूझौ, पाऊस

विमान, इमिग्रेशन सगळं सुरळीत. शांघायहून सूझौ फास्ट ट्रेनने अर्ध्या तासाचं काम आहे. बाहेर पडलो तर आपल्याकडे श्रावणात असतो तसा बारीक पाऊस, कालव्यांवर धुकं, पांढऱ्या भिंती आणि काळी कौलं. गावाला रंग दोनच, शाईचा आणि कागदाचा.

रात्री नूडल खाल्ले. सूझौचे नूडल बारीक असतात आणि वाडग्यात विंचरून ठेवल्यासारखे घडी घालून वाढतात, वर मशरूम आणि बांबूचे कोंब. शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, वर भाजी असली तरी खालचं पाणी बहुतेक मांसाचं असतं, म्हणून 'बान म्येन' म्हणजे रस्सा नसलेले कोरडे नूडल मागा आणि 'वो छ्र सू' (मी शाकाहारी) हे वाक्य पाठ करून जा. दुसरं म्हणजे अलिपे हे पैसे भरायचं ॲप घरूनच टाका आणि आपलं कार्ड जोडून ठेवा, रोख पैसे बघून छोटे दुकानदार सुट्टे शोधत बसतात.

दिवस दुसरा: बाग आणि भिंतीवरचे डोंगर

सकाळी साडेसातला झ्वोझंग बागेच्या दारात. ही सोळाव्या शतकातली बाग, आणि वन झंगमिंग या चित्रकाराने १५३३ मध्ये हिची ३१ चित्रं काढून प्रत्येकासोबत कविता लिहिली होती, म्हणजे बाग चित्रासारखी केली आणि मग बागेचं परत चित्र झालं. आत गेल्यावर कळतं की इथे एका जागी उभं राहून काहीच पूर्ण दिसत नाही. वाट मुद्दाम नागमोडी, दर दहा पावलांवर एक जाळीची खिडकी, आणि प्रत्येक खिडकीत वेगळंच काहीतरी. एका ठिकाणी तळ्याच्या टोकाला झाडांच्या वर एक उंच मनोरा दिसतो, वाटतं बागेतलाच आहे, पण तो असतो दूर गावातला उत्तर मंदिराचा मनोरा, बागेने उसना घेतलेला. उसना देखावा हा त्यांच्याकडे बाग करण्यातला रीतसर शब्दच आहे.

गर्दी नऊनंतर इतकी वाढते की खिडकीसमोर उभं राहता येत नाही, तर पहिल्या वेळेचंच तिकीट काढा.

शेजारीच सूझौ म्युझियम, भिंतीला भिंत लागून. आर्किटेक्ट आय. एम. पेई यांनी बांधलेलं, २००६ मध्ये उघडलं. पेईंच्या घराण्याची मुळं याच गावात, सिंहवन ही इथली प्रसिद्ध बाग एकेकाळी त्यांच्या घराण्याची होती. मला म्युझियममधलं सगळ्यात जास्त आवडलं ते आतल्या वस्तूंच्या आधी अंगणातलं, तळ्यापलीकडच्या पांढऱ्या भिंतीसमोर त्यांनी दगडांचे पातळ काप उभे करून ठेवलेत, पुढचे गडद मागचे फिके, आणि पाऊस पडत असल्यामुळे ओले झालेले दगड शाईसारखे काळे झाले होते. भिंत म्हणजे कागद आणि दगड म्हणजे ब्रशचे फटकारे. मागची भिंत मघाच्या बागेचीच. मी आणि भाची तिथे छत्रीत पाऊण तास उभ्या होतो, आणि पाऊस कमी-जास्त होईल तसे डोंगर जवळ यायचे, लांब जायचे.

म्युझियम फुकट आहे पण बुकिंग लागतं, पासपोर्ट नंबर टाकून आधी करा, आणि सोमवारी बंद असतं.

दिवस तिसरा: सरस, तुरटी आणि कुरडईचा चीक

हा दिवस या ट्रिपचा गाभा. भाचीने एका छोट्या स्टुडिओत दोन तासांचा क्लास ठरवला होता. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, शांत, बोटांना शाईचे डाग. त्यांनी आधी रेशीम हातात दिलं. चित्राचं रेशीम आपल्या पैठणीसारखं जाड नसतं, एकदम विरळ आणि पारदर्शक असतं, आणि तसंच वापरलं तर शाई पसरते. म्हणून त्याला सरस आणि तुरटीचं पाणी लावून 'शिजवतात', म्हणजे खरं शिजवत नाहीत, शब्द तसा आहे. मग ते लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं आणि खाली कच्चं चित्र ठेवून वरून गिरवायचं. म्हणजे ट्रेसिंगच की! मी एवढ्यांदा 'ट्रेसिंग पेपर' म्हणाले की त्या बाईंना भाचीने माझं अख्खं करिअर समजावून सांगितलं, आणि त्यानंतर त्या माझ्याशी थेट हातवाऱ्यांनी बोलायला लागल्या.

रेशमाची अजून एक गंमत म्हणजे रंग मागूनही देतात. मागे पांढरा किंवा हिरवा भरला की तो धाग्यांमधून पुढे मंद दिसतो, आणि पुढच्या बारीक रेघा झाकल्या जात नाहीत. हिरवा म्हणजे मॅलाकाइट, निळा म्हणजे ॲझुराइट, दोन्ही तांब्याचे दगड, कुटून, पाण्यात गाळून, जाड कण वेगळे बारीक वेगळे. जाड कण गडद दिसतात, बारीक फिके, एकाच दगडातून चार-पाच छटा.

मग पट्टी. ही मला बघायचीच होती. लाकडी पट्टीला लांबीभर एक खाच असते. एका हातात ब्रश आणि एक गुळगुळीत काडी, दोन्ही चॉपस्टिकसारख्या धरायच्या. काडीचं टोक खाचेतून सरकतं आणि ब्रश त्याच्याबरोबर रेशमावर. पट्टी रेशमाला शाई लावत नाही, हात थरथरला तरी काडी खाचेतच राहते. ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची. मी तीन-चार रेघा मारल्या आणि खरंच डोळ्यात पाणी आलं, कारण हाताला सगळं आठवत होतं.

पण छप्पर काढताना बाईंनी मला थांबवलं. मी घराची मागे जाणारी बाजू काढत होते आणि सवयीने रेघा थोड्या आत वळवत होते, लांबचं लहान दिसतं म्हणून. त्यांनी बोट ठेवलं, मान हलवली, आणि माझ्या रेघेशेजारी त्यांची रेघ मारली, पुढच्या रेघेला बरोबर समांतर. ज्येह्वामध्ये रेघा कुठेही एका बिंदूला मिळत नाहीत. आम्ही ऑफिसात ज्याला ॲक्सोनोमेट्रिक म्हणायचो तसंच. या मुद्द्यावरून अकराव्या शतकात वादही झालेला आहे, ली छंग नावाचा आधीच्या शतकातला मोठा चित्रकार डोंगरावरच्या मंडपांची छपरं खालून वर बघितल्यासारखी, वळचणीच्या आतले वासे दिसतील अशी काढायचा, आणि शन ख्वो नावाच्या विद्वानाने त्याला चूक ठरवलं. तो म्हणतो असं एका जागेवरून बघत बसलं तर डोंगरामागचा डोंगर कधी दिसणारच नाही. मी बाईंना विचारलं की मग बघणारा नक्की उभा कुठे आहे? त्यांनी उत्तर दिलं ते भाचीने जसंच्या तसं सांगितलं, "उभा नाहीये, चालतोय."

दुपारी एका बोळात गुंडाळ्या चढवणाऱ्या कारागिराकडे गेलो. अशा माणसाला तिकडे शिफू म्हणतात, आपल्याकडे उस्ताद म्हणतो तसं मानाने. सत्तरीचे शिफू, त्यांच्याबरोबर एक तरुण मुलगी शिकत होती. नुसत्या रेशमाला अंग नसतं, ते मागून कागद चिकटवून उभं करावं लागतं, आणि चित्राला चिकटलेल्या पहिल्या कागदाला त्यांच्या भाषेत 'जीव-कागद' म्हणतात. तो फाटला तर चित्र गेलंच. चिकटवायला गव्हाची खळ, आणि ती कशी करतात हे शिफू सांगत होते तेव्हा मला हसूच फुटलं. गव्हातला चिकट भाग धुऊन काढायचा, खाली बसलेलं सत्त्व तेवढं घ्यायचं. म्हणजे कुरडईचा चीक! भाचीने फोनवर कुरडईचा फोटो काढून दाखवला, शिफूंनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं हे खातात का. त्या शिकाऊ मुलीने फोटो मागून घेतला.

खळ पातळ असते, ताकासारखी. जाड झाली तर गुंडाळताना रेशीम मोडतं, शेकडो वर्षांनी का होईना पण मोडतं. आणि महत्त्वाचं म्हणजे ती पाण्याने सुटते, म्हणजे पुढच्या पिढीतल्या कोणीतरी ते चित्र उलगडून नवीन कागद लावायचा आहे हे आधीच धरलेलं असतं. चिकटवलेलं चित्र मोठ्या लाकडी फळ्यांच्या भिंतीवर कडा चिकटवून वाळवतात, घाई नाही, दिवसच्या दिवस. मग उलट्या बाजूला मेण लावून गोट्याने घासतात, म्हणजे गुंडाळी मऊ सरकते. टांगायच्या चित्राच्या वरच्या बाजूला दोन अरुंद फिती असतात, त्यांचं नाव 'पाकोळ्या दचकवणाऱ्या', पूर्वी त्या मोकळ्या हलायच्या आणि घरात शिरलेल्या पाकोळ्या चित्रावर बसायच्या नाहीत.

शिफूंनी एक आडवी गुंडाळी टेबलावर उघडून दाखवली. हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. उजवीकडून सुरुवात, डाव्या हाताने हातभर उघडायचं, बघायचं, मग उजव्या हाताने बघितलेलं गुंडाळत पुढे सरकायचं. एका वेळी समोर फक्त हातभर. आमच्या आजोळी ट्रंकेत पणजोबांची पत्रिका अशीच लांबलचक गुंडाळीत होती, आजी ती उघडायची तेव्हा आम्हाला पुढचं काय आहे याची उत्सुकता असायची. म्युझियममध्ये काचेत सगळी पसरलेली गुंडाळी बघणं म्हणजे गोष्टीचं शेवटचं पान आधी वाचल्यासारखं आहे. आपला 'चित्रपट' शब्दही मुळात रंगवलेल्या कापडाचाच, आणि तो सिनेमाला इतका चपखल का बसला ते मला त्या टेबलापाशी कळलं.

दिवस चौथा: कायफंगला पोचणं

ट्रेन चारेक तास, बाहेर सपाट शेतं. गोंधळ झाला तो हॉटेलवर. बुक केलेल्या छोट्या हॉटेलने परदेशी पासपोर्टची नोंद आम्हाला करता येत नाही म्हणून रात्री आठ वाजता परत पाठवलं. भाचीने पंधरा मिनिटं भांडून बघितलं, उपयोग झाला नाही, शेवटी स्टेशनकडच्या मोठ्या हॉटेलात दुप्पट पैसे देऊन राहिलो. लहान गावात जाणार असाल तर बुकिंगनंतर फोन करून 'परदेशी पाहुणे चालतात ना' हे विचारून घ्याच.

पण त्या वैतागावर औषध मिळालं. कायफंगमध्ये तेव्हा शेवंतीचा उत्सव चालू होता. शेवंती हे या शहराचं फूल. चौकाचौकात शेवंतीचे डोंगर, पिवळी, जांभळी, हिरवटसुद्धा, आणि एक तर इतकी मोठी की एका फुलात आपली वेणी होईल. गणपतीनंतर जो वास मार्केट यार्डात असतो तोच वास, चार हजारांहून जास्त किलोमीटर लांब, थंडीत. नाइट मार्केटमध्ये बदामाचा चहा प्यायलो, भल्यामोठ्या तांब्याच्या किटलीतून उकळतं पाणी ओतून दाट खिरीसारखा करून देतात, वर शेंगदाणे, तीळ. आणि शेंगदाण्याची वडी, जी आपल्या चिक्कीची पापुद्रेवाली बहीण म्हणायला हरकत नाही. दोन किलो घेतली.

दिवस पाचवा: पुलावर

कायफंग म्हणजे उत्तर सोंग राजवटीची राजधानी, आणि 'छिंगमिंगच्या वेळी नदीकाठी' (छिंगमिंग हा तिकडचा पितरांचा सण) हे जगप्रसिद्ध चित्र याच शहराचं मानतात. जांग झदुआनने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला काढलेलं, २४.८ सेंटिमीटर उंच आणि ५२८.७ सेंटिमीटर लांब. म्हणजे उंची शाळेच्या पट्टीपेक्षा कमी आणि लांबी एका मोठ्या खोलीएवढी. सुरुवातीला गावाबाहेरची धुरकट झाडं, कोळशाची गाढवं, मग नदी, होड्या, मग मधोमध कमानीचा पूल, मग वेस, वेशीतून बाहेर पडणारे उंट, खाणावळींच्या दारातल्या बांबूच्या उंच कमानी, शेवटी एका वैद्याचं घर.

ते शहर बघायला जाल तर ते नाहीये. पिवळ्या नदीने पूर आणून आणून गाळ टाकला, १६४२ च्या पुरात तर अख्खं शहर बुडालं, आणि सोंगकाळचं कायफंग आज पायाखाली आठ-दहा मीटरवर गाडलेलं आहे. ज्या नदीवर तो पूल होता ती बियान नदीही गाळाने बुजून गेली. वर उरलेलं मोठं म्हणजे १०४९ चा लोखंडी मनोरा. नाव लोखंडी, आहे तांबूस-काळ्या चकाकत्या विटांचा, तेरा मजले, साधारण ५६ मीटर. त्याच्याजवळ उभं राहिलं की विटेविटेवर कोरलेले नर्तक, ढग, सिंह दिसतात, आणि विटांना लाकडी जोडासारखा आकार दिलाय. अकराव्या शतकातल्या सुताराचं काम भट्टीत भाजून ठेवल्यासारखं.

सकाळी लोंगथिंग बागेत गेलो, इथे सोंग राजवाडा होता, आता दोन तळी आहेत आणि शेवंतीच्या रांगा. तळ्याकाठच्या बाकावर बसून मी फोनवर सोंग सम्राट ह्वेइझोंगचं करकोच्यांचं चित्र उघडलं. सम्राट स्वतः चित्रकार. १११२ च्या एका संध्याकाळी राजवाड्याच्या वेशीवर करकोचे घिरट्या घालायला लागले, लोक रस्त्यात उभं राहून बघायला लागले, हा शुभशकुन म्हणून रेशमावर चित्र काढलं गेलं. खाली फक्त छपराची ओळ, पट्टी लावून, कौल न् कौल, आणि वर निळ्या आभाळात अठरा करकोचे उडतायत, दोन छपराच्या टोकांवर बसलेत. पंधरा वर्षांनी, ११२७ मध्ये, उत्तरेच्या जुर्चेन सैन्याने शहर लुटलं आणि ह्वेइझोंगला कैद करून नेलं, तो परत आलाच नाही. ती वेस कुठेतरी याच भागात जमिनीत आहे, आणि तिचं छप्पर १३८ सेंटिमीटरच्या रेशमावर ईशान्य चीनमधल्या शनयांगच्या म्युझियममध्ये अजून निळ्या आभाळाखाली आहे. बाकावर शेजारी एक आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या, त्यांनी फोनमध्ये डोकावून बघितलं आणि नातवाकडून करकोचे मोजून घेतले. वीस भरले.

दुपारी त्या चित्रावरून बांधलेल्या पार्कात. १९९८ मध्ये उघडलेलं, तिकीट महाग, आत लाउडस्पीकर, नाटकं, सोंग काळाचे कपडे भाड्याने. मला भीती होती की जत्रा असेल. जत्रा आहेच. पण पूल आहे! चित्रातल्या पुलावरून बांधलेला, नदीत एकही खांब नाही, लाकडाच्या तुळया एकमेकींत विणून केलेली कमान. मी चित्राची प्रिंट घेऊन गेले होते. चित्रात पुलाखाली एक मोठी होडी अडकायच्या बेतात आहे, डोलकाठी अजून पूर्ण खाली आलेली नाही, खलाशी बांबू रेटतायत, एक जण टपावरून ओरडतोय, पुलावरचे लोक कठड्यावरून वाकून हातवारे करतायत. मी पुलाच्या काठावरून चालत चालत प्रिंटशी ताडून बघत होते. एका जागी थांबलं की पुलाची खालची बाजू दिसते पण वरची माणसं नाहीत, दुसरीकडे वरची माणसं दिसतात पण होडी झाकते, आणि चित्रात तर सगळं एकदम आहे. ते सगळं बघायचं तर काठाकाठाने पन्नास-साठ पावलं चालावं लागतं, मी दोनदा चालले. सूझौच्या बाईंचं वाक्य तेव्हा पायातून डोक्यात गेलं.

पार्कबाहेर एका टपरीवर बसलो होतो, शेजारच्या टेबलावर एक आजोबा, भाचीशी बोलताना कळलं की सुतारकामात आयुष्य गेलेलं. मी पुलाची प्रिंट पुढे केली आणि विचारलं की हे उभं राहतं कसं. ते काही बोललेच नाहीत, डब्यातल्या मूठभर चॉपस्टिक घेतल्या आणि एक वर एक खाली, आडवी घालून पुढची अडकवायची, असं करत टेबलावर हातभर कमान उभी केली. खिळा नाही, दोरी नाही. त्यावर स्वतःचा चहाचा पेला ठेवला. जितकं वजन ठेवाल तितकी पकड घट्ट होते. मग ती कमान मोडून माझ्यासमोर ठेवली, आता तुम्ही. तिसऱ्या खेपेला जमलं आणि त्यांनी टेबलावर थाप मारली. असे विणलेले पूल आजही फूज्यान आणि झज्यांग प्रांतातल्या डोंगरात वापरात आहेत आणि ते बांधायची कला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत २००९ पासून आहे.

दिवस सहावा: बीजिंग, थंडी

ट्रेन तीनेक तास. उतरल्या उतरल्या थंडी, कानटोपी घ्या. संध्याकाळी राजवाड्याच्या खंदकाकाठी कोपऱ्यातला मनोरा बघायला गेलो. चार कोपऱ्यांवर चार आहेत, लोक सांगतात नऊ तुळया, अठरा खांब, बहात्तर आढी. गोष्ट अशी आहे की सम्राटाने असा मनोरा मागितला, सुतारांना जमेना, तेव्हा एक म्हातारा ज्वारीच्या ताटांनी विणलेला किड्याचा पिंजरा विकत आला आणि त्यात बरोब्बर बहात्तर आढी होती. म्हातारा म्हणजे सुतारांचा देव लू बान होता म्हणे. पाण्यात उलटं प्रतिबिंब, छपरावर छप्पर, मी आढी मोजायला लागले आणि चाळिशीत हरवले, परत पहिल्यापासून, तोवर दिवे लागले.

दिवस सातवा: राजवाडा म्युझियम

तिकीट सात दिवस आधी, बीजिंगच्या वेळेने रात्री आठला उघडतं, गजर लावून बसा. नोव्हेंबरपासून ४० युआन, एप्रिल ते ऑक्टोबर ६०. सोमवारी बंद. आत जायला दक्षिणेची वूमन वेसच.

आधीच सांगते, जांग झदुआनचं मूळ चित्र आम्हाला दिसलं नाही आणि दिसणार नाही हे माहीतच होतं. ते वर्षानुवर्षं अंधारात विश्रांती घेतं. २०१५ मध्ये दाखवलं तेव्हा दार उघडताच लोक धावत सुटले होते आणि तासन्‌तास रांगेत उभे होते. वांग शीमंगचं 'हजार ली नद्या-डोंगर' (ली हे अंतराचं माप) तेही तसंच, २०१७ मध्ये दाखवलं होतं. १११३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलाने काढलेलं, अकरा मीटर ९१ सेंटिमीटर, सलग एका रेशमावर, निळ्या-हिरव्या डोंगरांच्या लाटाच लाटा आणि त्यात पूल, मंडप, पाणचक्की, नखाएवढी घरं. त्या मुलाबद्दल इतिहासात जवळजवळ काहीच नाही. मागे राहिलं ते एवढंच. दगडी रंगाचे कण प्रत्येक वेळी उघडताना थोडे गळतात, म्हणून क्वचितच उघडतात.

चित्रांचं दालन वनह्वा महालात आहे, मुख्य रस्त्यापासून पूर्वेला, आणि बहुतेक गर्दी सिंहासनांकडे जाते त्यामुळे इथे शांतता. आत अंधार, दिवे मंद, रेशीम चहाच्या रंगाचं झालेलं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही, मग डोळे सरावतात आणि एकेक गोष्ट वर येते, आधी डोंगर, मग झाडं, मग झाडांमागचं छप्पर, मग छपराखाली बसलेला माणूस. घाई करू नका, एका चित्राला वीस मिनिटं द्या. एका छिंगकालीन (चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या काळातल्या) चित्रात डोंगराच्या कड्यावर महाल होता, खांबांच्या डोक्यावर छप्पर पेलणाऱ्या लाकडी हातांची रचना एकेक मोजता येईल अशी, आणि महालाशेजारचा डोंगर मात्र पूर्ण मोकळ्या हाताने, ब्रश आपटत काढलेला. एकाच माणसाचे दोन हात. ह्वेइझोंगच्याच काळात, ११०३ मध्ये, 'यिंगझाओ फाशी' हा बांधकामाच्या नियमांचा ग्रंथ छापला, त्यात लाकडाचे आठ आकार ठरवलेले आहेत आणि तुळया, हात सगळं त्या मापात. तेव्हा चित्रकाराची पट्टी आणि सुताराची पट्टी एकाच शहरात, एकाच राजाच्या पदरी होती.

तिथे एक बाई भिंग घेऊन आल्या होत्या, साठीच्या, शाळेत चित्रकला शिकवलेल्या. मी एका कोपऱ्यात वाकून रेघा बघत होते तर त्यांनी न मागता भिंग पुढे केलं. भिंगातून रेशमाचे धागे दिसले, उभे-आडवे, काही तुटलेले, आणि तुटलेल्या जागी रेघ थांबते आणि पुढच्या धाग्यावर परत सुरू होते. त्यांनी एक जुनी म्हण सांगितली, कागदाचं आयुष्य हजार वर्षं, रेशमाचं आठशे. मी मनात हिशोब केला. १११३ अधिक आठशे म्हणजे १९१३. वांग शीमंगचे डोंगर म्हणीपेक्षा शंभरावर वर्षं जास्त जगलेत, ते कोणाकोणाच्या जीव-कागदांवर. बाईंना हे भाचीने सांगितलं तर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, हो, खूप हात लागलेत.

जाण्याआधी म्युझियमच्या वेबसाइटवर ही चित्रं प्रचंड झूम करून बघता येतात ती नक्की बघा. आणि गिफ्ट शॉपमधली रेशमावरची प्रिंट घेणार असाल तर गुंडाळी केबिन बॅगेतच ठेवा, वर काही ठेवू नका.

मी जांग झदुआनची पूर्ण लांबीची प्रिंट घेतली. घरी आल्यावर डायनिंग टेबलवर आईसमोर ठेवली, ती ब्याऐंशीची आहे. मी सगळं पसरायला लागले तर म्हणाली, थांब, पत्रिका उघडतात तशी उघड. तेव्हापासून रोज दुपारी चहा झाला की ती चष्मा लावून हातभर उघडते, बघते, उजवीकडून गुंडाळून ठेवते. पहिला आठवडा तिने गाढवं आणि झाडांतच काढला. परवा पुलापर्यंत आली आणि मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं ये इकडे, ही डोलकाठी खाली येतेय का, की आपटणार ही होडी?"